ज्वारीच्या मुळांत एक्सटीएच वाढलं, म्हणजे भित्तिका सैल झाली का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते कळेल. पुण्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही मालदांडी ज्वारीची रोपं वाढवली, त्यांचं पाणी तोडलं आणि मुळांचा आरएनए काढला. पाणी तोडलेल्या रोपांत एक्सटीएच (झायलोग्लुकन एन्डोट्रान्सग्लुकोसायलेज/हायड्रोलेज) या भित्तिकेतल्या एन्झाइमांच्या घराण्यातली काही जनुकं चांगलीच वर आलेली, म्हणजे जास्त चालू झालेली, दिसली. सर म्हणतात, 'ताणात पेशीभित्तिका सैल होते म्हणून मूळ खोल जातं' असं लिहून टाका. तुम्हाला मात्र एक गोष्ट खटकते. ही एन्झाइमं ज्या झायलोग्लुकनवर, म्हणजे भित्तिकेतल्या एका शर्करा-साखळीवर, काम करतात, तो गवत कुळात नावापुरताच असतो. मग ज्वारीला ही जनुकं हवीत कशाला, आणि उत्क्रांतीत ती गळून का गेली नाहीत?

खटकतंय ते योग्यच आहे. पण यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आधी सोडवून घेऊ. जनुक वर आलं यावरून भित्तिकेचं काय झालं हे सांगता येतं का, हा पहिला. ज्याचा कच्चा माल कमी त्या एन्झाइमांचं एवढं मोठं घराणं गवतांनी का सांभाळलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'नाही' असं आहे आणि ते मी ठामपणे देईन. दुसऱ्याचं उत्तर अर्धंमुर्धं माहीत आहे, पण जेवढं माहीत आहे तेवढं फार रंजक आहे. मी पुण्यातच वनस्पती-जैवरसायनाच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं भित्तिकेच्या एन्झाइमांवर काम करतोय, त्या अनुभवावरून लिहितो.

एक्सटीएच नेमकं करतं काय? झायलोग्लुकन म्हणजे ग्लुकोजची लांब साखळी, सेल्युलोजसारखीच, पण तिला जागोजागी झायलोजच्या बाजूच्या फांद्या. एन्झाइम ही साखळी मध्येच तोडतं आणि तुटलेला एक तुकडा काही काळ स्वतःलाच सहसंयुजी बंधानं चिकटवून ठेवतं. पुढे दोन वाटा असतात. जवळ दुसऱ्या झायलोग्लुकन साखळीचं मोकळं टोक असलं तर तो तुकडा तिला जोडला जातो, आणि पाण्याचा रेणू पुढे आला तर तुकडा सुटून जातो. पहिली वाट जोडणीची, दुसरी नुसत्या तोडण्याची. नावातल्या शेवटच्या दोन अक्षरांत, टी (जोडणी) आणि एच (पाण्यानं तोडणं), या दोन्ही वाटा कोंबल्या आहेत. घराण्यातले बहुतेक सदस्य जोडणारे आहेत, निव्वळ तोडणारे थोडे. जोडणीची गंमत अशी की तोडलेल्या बंधाची ऊर्जा वाया जात नाही, तीच नव्या बंधात वापरली जाते. पेशीच्या बाहेर भित्तिकेत एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, नसतं, त्यामुळे तिथे हा हिशेब फार महत्त्वाचा.

बाजेचं सुंभ एका ठिकाणी सोडून दुसऱ्या दोराला बांधलं तर बाज सैल होते की ताठ? ते कुठे सोडलं, कुठे बांधलं आणि बांधताना वर कोणी बसलं होतं का, यावर ठरतं. एक्सटीएचचं अगदी तसंच आहे. पेशीतल्या पाण्याच्या दाबानं भित्तिका ताणलेली असताना साखळी सुटली आणि थोडी सरकून परत जोडली गेली, तर भित्तिका वाढते. ताण नसताना जादा साखळ्या आणून जोडल्या, तर ती जाड आणि ताठ होते. क्रिया एकच, परिणाम उलटे.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. अराबिडॉप्सिस, म्हणजे मोहरीच्या कुळातलं प्रयोगशाळांत सर्रास वापरलं जाणारं छोटं रोप, त्यातलं टीसीएच-४ हे जनुक घ्या, ज्याला आज एक्सटीएच-२२ म्हणतात. १९९० मध्ये ते सापडलं ते पानांना स्पर्श केल्यावर किंवा पाणी फवारल्यावर झपाट्यानं वर येणाऱ्या जनुकांच्या गटात. १९९५ मध्ये कळलं की ते एक्सटीएच बनवतं. आता बघा, वारंवार स्पर्श केलेलं रोप वाढतं का? उलट बुटकं आणि दणकट होतं. तेच जनुक ऑक्सिन आणि ब्रॅसिनोस्टेरॉइड या वाढीच्या संप्रेरकांनीही वर येतं. म्हणजे वाढ होताना वर आणि वाढ खुंटतानाही वर. नुसता आरएनए पाहून यातली कोणती गोष्ट घडतेय हे तुम्ही कसं ओळखणार?

आणखी जवळचा पुरावा कांद्याच्या पापुद्र्याचा. कांद्याच्या पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा सोलला, त्यातली स्वतःची एन्झाइमं निकामी केली आणि तो ठरावीक वजनाखाली ताणत ठेवला, की बाहेरून घातलेल्या एन्झाइमाचा भित्तिकेवर होणारा परिणाम थेट मोजता येतो. २००७ मध्ये सेलाजिनेला या बी न धरणाऱ्या छोट्या वनस्पतीचं एक्सटीएच असं घातल्यावर पापुद्रा जास्त ताणला गेला. २००९ मध्ये अराबिडॉप्सिसच्या मुळांतली दोन एक्सटीएच घातली, तर ताणणं कमी झालं. घराणं एक, पापुद्रा कांद्याचाच, आणि निकाल विरुद्ध. मी विद्यार्थ्यांना हे दोन्ही शोधनिबंध शेजारी ठेवून वाचायला सांगतो. 'एक्सटीएच वाढलं म्हणजे भित्तिका सैल' हे वाक्य त्यानंतर सहसा कोणी लिहीत नाही.

वाटाण्याच्या देठांवरचा २००२ चा जपानी प्रयोगही असाच. देठाच्या तुकड्यांना लांब झायलोग्लुकन दिला तर लांबणं मंदावलं, आणि त्याचेच छोटे तुकडे दिले तर वाढलं. दोन्ही प्रकार भित्तिकेत जोडण्याचं काम देठातल्या त्याच एन्झाइमांनी केलं. म्हणजे परिणाम फक्त एन्झाइमावर नाही, त्याच्यासमोर काय वाढून ठेवलंय यावरही अवलंबून असतो.

सैल होण्याचं काम मुख्यतः कोण करतं मग? माझ्या मते पहिला संशयित एक्सपान्सिन. १९९२ मध्ये अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठात डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या गटानं ते काकडीच्या रोपांतून वेगळं केलं. गंमत म्हणजे ते कुठलाही सहसंयुजी बंध तोडत नाही, त्यामुळे काटेकोरपणे त्याला एन्झाइम म्हणावं का यावरही वाद होऊ शकतो. सेल्युलोजचे तंतू एकमेकांना जिथे घट्ट चिकटतात तिथली पकड ते ढिली करतं, आणि हे काम आम्लीय वातावरणात, पीएच साडेचार-पाचच्या आसपास, जोरात होतं. ऑक्सिन मिळाल्यावर पेशी हायड्रोजन आयन बाहेर फेकते, भित्तिका आम्लीय होते आणि वाढ सुरू होते. ही आम्ल-वाढीची कल्पना १९७० च्या आसपासची, पण तिच्यामागचं मुख्य प्रथिन हाती यायला आणखी वीस वर्षं गेली.

झायलोग्लुकनबद्दलचं जुनं चित्रही बदललंय. पाठ्यपुस्तकांत अजून सेल्युलोजच्या दोन तंतूंना झायलोग्लुकनच्या दोऱ्यांनी बांधलेलं दाखवतात. पण २००८ मध्ये अराबिडॉप्सिसचं असं दुहेरी उत्परिवर्ती रोप तयार झालं की त्याच्यात मोजता येईल इतका झायलोग्लुकनच नव्हता. ते मेलं नाही. मुळांचे केस बिघडले, वाढ थोडी कमी झाली, पण झाड उभं राहिलं. २०१२ मध्ये कॉसग्रोव्ह यांच्याच गटानं काकडीच्या भित्तिकेवर दाखवलं की फक्त झायलोग्लुकन तोडणारं किंवा फक्त सेल्युलोज तोडणारं एन्झाइम घातलं तर भित्तिका ताणली जात नाही, दोन्ही तोडणारं एकच एन्झाइम घातलं तर जाते. त्यावरून त्यांनी म्हटलं की भार उचलतो तो झायलोग्लुकनचा अगदी थोडा भाग, सेल्युलोजच्या दोन तंतूंच्या मध्ये दाबून बसलेला, आणि वाढीची किल्ली अशा मोजक्या जागांत असते. उरलेल्या पुष्कळशा झायलोग्लुकनला या भारात फारसा वाटा नाही.

ही गोष्ट तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी कळीची आहे. द्विदल झाडांच्या प्राथमिक भित्तिकेत झायलोग्लुकन साधारण २० ते २५ टक्के असतो, गवतांत २ ते ५ टक्के. शिवाय गवतांतल्या साखळीला फांद्या कमी. गवतांची भित्तिका मुख्यतः सेल्युलोज, अराबिनोझायलान आणि मिश्र-बंधांचा बीटा-ग्लुकन या शर्करा-साखळ्यांची. तुम्ही म्हणता 'एवढ्या थोड्या झायलोग्लुकनवर एक्सटीएच काय करणार?' पण भरपूर झायलोग्लुकन असलेल्या काकडीतही जर कामाचा भाग थोडाच असेल, तर गवतातले २ टक्के योग्य जागी बसलेले असणं पुरेसं ठरू शकतं. ज्वारीत तसंच आहे असा माझा दावा नाही. 'टक्केवारी कमी म्हणून काम नाही' हा निष्कर्ष निघत नाही, एवढंच सांगतोय.

आता घराण्याचा इतिहास. एक्सटीएच हे शर्करा-साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमांच्या जीएच-१६ नावाच्या मोठ्या कुळातलं आहे. त्याच कुळात जिवाणूंची लिकेनेज, म्हणजे बीटा-ग्लुकन तोडणारी, एन्झाइमं आहेत, समुद्री शेवाळातलं अगार तोडणारीही आहेत. वनस्पतींतल्या या शाखेचं मूळ जमिनीवर झाडं येण्याच्या आधीचं आहे. कॅरासारख्या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेवाळांतही वाढीच्या जागी अशी जोडणारी क्रिया सापडली आहे, शेवाळींत म्हणजे मॉसमध्येही. म्हणजे जवळपास ४७ कोटी वर्षांपूर्वी वनस्पती जमिनीवर आल्या तेव्हा हे हत्यार त्यांच्याकडे आधीच होतं. पुढे जनुकांच्या प्रती वाढत गेल्या. अराबिडॉप्सिसमध्ये ३३ आहेत आणि भातात २९. तुमच्या शंकेचा गाभा याच दोन आकड्यांत आहे. झायलोग्लुकन पाच-दहा पटींनी कमी झाला, तरी जनुकं जवळपास तेवढीच राहिली.

का राहिली असतील? एक कारण साधं आहे. प्रती वाढल्यावर त्या जागा आणि वेळ वाटून घेतात. एक मुळाच्या केसाच्या बुडाशी, एक परागनलिकेत, एक फक्त थंडीत. प्रत्येकीचं काम छोटं, पण ती गेली तर ते छोटं काम अडतं. दुसरं कारण मला अधिक आवडतं. ही एन्झाइमं कच्चा माल बदलू शकतात. याचं सर्वांत ठळक उदाहरण इक्विसेटम. पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये शोभेसाठी मिळते ती बांबूच्या बारीक कांड्यांसारखी बिनपानाची वनस्पती. तिच्या भित्तिकेतही मिश्र-बंधांचा बीटा-ग्लुकन आहे, गवतांशी जवळचं नातं नसताना. २००८ मध्ये एडिंबरा विद्यापीठात स्टीफन फ्राय यांच्या गटाला तिच्यात असं एन्झाइम सापडलं की ते हा बीटा-ग्लुकन तोडून झायलोग्लुकनला जोडतं. २०१५ मध्ये कळलं की तेच एन्झाइम सेल्युलोजही झायलोग्लुकनला जोडू शकतं, आणि ते एक्सटीएचच्याच घराण्यातलं आहे. रचनेत थोडा फरक पडला आणि एका घराण्यातून नवीन धंद्याचं एन्झाइम निघालं.

मग तुम्ही म्हणाल, ज्वारीतही तसंच असेल! इथे सबुरी ठेवा. गवतांत बीटा-ग्लुकन भरपूर असूनही इक्विसेटमसारखी जोडणी त्यांत जवळपास आढळलेली नाही. जवाच्या एका शुद्ध एक्सटीएचवर २००७ मध्ये काम झालं, तेव्हा ते सेल्युलोजसारख्या पदार्थांना आणि बीटा-ग्लुकनलाही जोडू शकतं असं दिसलं, पण बीटा-ग्लुकनच्या बाबतीत वेग झायलोग्लुकनच्या तुलनेत फारच कमी होता. तेव्हा 'ज्वारीचं एक्सटीएच बीटा-ग्लुकनवर काम करत असावं' हे चर्चेच्या भागात शंका म्हणून लिहायला हरकत नाही, निष्कर्षात नको.

गवतांनी वाढीचं काम काही अंशी दुसऱ्याच घराण्याकडे सोपवलं, असंही दिसतं. एक्सपान्सिनचाच एक प्रकार असलेली बीटा-एक्सपान्सिनं अराबिडॉप्सिसमध्ये सहाच आहेत, भातात १८-१९. मक्याच्या परागातलं बीटा-एक्सपान्सिन गवतांच्याच भित्तिकेवर जोरात चालतं आणि त्यातला अराबिनोझायलान सोडवतं. पावसाळा सरता सरता टेकड्यांवरचं गवत फुलतं तेव्हा काही जणांना शिंका लागतात ना, त्या गवती परागांतलं एक मुख्य अॅलर्जी देणारं प्रथिन हेच आहे, हे १९९७ मध्ये कळलं. परागनलिकेला वाट करून देणारं प्रथिन आपल्या नाकाला त्रास देतं. हे विषयांतर झालं, पण मुद्दा असा की तुमच्या आरएनएच्या यादीत बीटा-एक्सपान्सिनं काय करतायत हे तुम्ही पाहिलं नसेल तर आजच पाहा. ज्वारीत मी एक्सटीएचच्या आधी तिकडे बघितलं असतं.

एक्सटीएच चिकटवण्याचंही काम करत असावं, याचं एक उदाहरण आपल्याकडे बोरी-बाभळींवर पसरलेलं दिसतं: अमरवेल, म्हणजे कस्क्यूटा रिफ्लेक्सा. ती यजमान झाडात शोषक मुळं घुसवते तेव्हा घुसण्याच्या आघाडीवर एक्सटीएचची क्रिया वाढलेली असते, असं २०१७ मध्ये दाखवलं गेलं. तिथे हे एन्झाइम नुसतं स्वतःच्या वाढीसाठी आहे असं म्हणणं अवघड आहे.

आता तुमच्या ज्वारीकडे. काही गोष्टी तुमच्या प्रश्नात नाहीत, आणि उत्तर त्यांच्यावरच अवलंबून आहे. पहिली आणि सर्वांत मोठी: आरएनए मुळाच्या कुठल्या भागातून काढला? अख्खं मूळ घेतलं असेल तर वाढणारा भाग आणि वाढ थांबलेला भाग एकाच नळीत गेला. मक्यावर १९९४ आणि १९९६ मध्ये झालेलं काम मुद्दाम वाचा. मक्याचं मूळ कोरड्या माध्यमात वाढवलं तर टोकाकडचे काही मिलिमीटर वाढत राहतात आणि त्यामागचा भाग लवकर थांबतो. एक्सटीएचची क्रिया आणि एक्सपान्सिनची क्रिया दोन्ही त्या टोकाकडच्या भागात वाढलेल्या होत्या. म्हणजे तुमच्या सरांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. मक्यात तसं दिसलंय, आणि ज्वारी मक्याची जवळची नातेवाईक आहे. पण त्यांनी जागा वेगळी काढली, वाढ मोजली आणि एन्झाइमाची क्रिया मोजली. जनुकाच्या आकड्यावर ते थांबले नाहीत.

दुसरी गोष्ट, ताण कसा दिला? कुंडीतली माती वाळवली की पीईजीच्या (पॉलिएथिलीन ग्लायकॉल, मुळांना पाणी घेणं अवघड करणारा पदार्थ) द्रावणात मुळं बुडवली? पीईजीच्या द्रावणात ऑक्सिजन कमी विरघळून पोचतो, आणि मग तुम्ही दुष्काळ मोजताय की गुदमरणं, हे सांगता येत नाही. तिसरी, मूळ खरंच वाढलं का? हे विचारायला मला संकोच वाटतो, पण परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतील. भित्तिका सैल झाली तरी पेशीत पाण्याचा दाब नसेल तर वाढ होत नाही. लॉकहार्ट यांनी १९६५ मध्ये हे समीकरणात मांडलं: वाढीचा वेग म्हणजे भित्तिकेचा सैलपणा गुणिले उंबरठ्याच्या वरचा दाब. यातला एकच आकडा बदलला म्हणून वेगाबद्दल काही बोलता येत नाही.

चौथी, जी जनुकं वर आली ती घराण्याच्या कुठल्या गटातली? डेटाबेसमध्ये 'एक्सटीएच २२-सदृश' असं लिहिलेलं असतं, ते केवळ अनुक्रमाच्या साम्यावरून. तुमच्या जनुकांची आणि अराबिडॉप्सिस-भाताच्या जनुकांची वंशवेल काढा. तिसऱ्या गटाचा 'अ' हा उपगट बघा. अराबिडॉप्सिसमधली ३१ आणि ३२ क्रमांकाची त्यात येतात, आणि तो उपगट जोडण्यापेक्षा तोडणारा आहे. तुमची वर आलेली जनुकं तिथे बसत असतील तर सगळी कथाच बदलते.

वेळ आणि पैसे कमी असतील तर काय करावं? माझा सल्ला चिंचोक्यांपासून सुरू होतो. चिंचेच्या बीमध्ये झायलोग्लुकन साठवलेला असतो, म्हणून जगभर या कामासाठी तोच वापरतात. महागडा शुद्ध माल मागवण्याइतकं अनुदान नसेल तर चिंचोके मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात, भाजलेले मात्र घेऊ नका. तपकिरी साल काढून आतला पांढरा गर दळायचा, तेल काढून टाकायचं, पूड पाण्यात उकळून गाळायची आणि गाळून आलेलं पाणी गार झाल्यावर त्यात ढवळत ढवळत अल्कोहोल ओतायचं. पांढरे, चिकट, दोऱ्यांसारखे लोळ वर येतात, काचेच्या कांडीला गुंडाळून बाहेर काढता येतात. तोच तुमचा झायलोग्लुकन. त्याचाच थोडा भाग सेल्युलेजनं तोडला की सात ते नऊ शर्करांचे तुकडे मिळतात, तेही लागणार आहेत.

मोजणी आयोडीननं. झायलोग्लुकनच्या लांब साखळीला आयोडीन आणि सोडियम सल्फेटच्या द्रावणात निळसर हिरवा रंग येतो, छोट्या तुकड्यांना येत नाही. ६२० नॅनोमीटरला रंग मोजा. मुळांचा अर्क मिठाच्या तीव्र द्रावणात काढा, नाहीतर भित्तिकेला चिकटलेलं प्रथिन गाळातच राहतं. मग दोन नळ्या: एकीत झायलोग्लुकन आणि अर्क, दुसरीत त्यासोबत छोटे तुकडेही. पहिल्या नळीत रंग उतरला तर ते तोडणं. दुसरीत त्याहून जास्त उतरला तर तो फरक जोडणीचा, कारण एन्झाइम लांब साखळीचे तुकडे या छोट्या तुकड्यांना जोडत सुटतं आणि साखळ्या आखूड होतात. उकळलेल्या अर्काची तिसरी नळी हवीच. ही पद्धत १९९५ ची आहे, साधी आहे, आणि तुमच्या महाविद्यालयातल्या कलरिमीटरवर बसते.

ज्वारीच्या बाबतीत एक खबरदारी. रोपाला दाणा लटकलेला असताना मुळं कापली तर दाण्यातला स्टार्च अर्कात येतो, आणि आयोडीन त्याला झायलोग्लुकनपेक्षा कितीतरी गडद निळा रंग देतं. वर अंकुरत्या दाण्यातलं अमायलेज तोच स्टार्च तोडत बसतं, रंग उतरतो, आणि तुम्हाला वाटतं एक्सटीएच जोरात चाललंय. दाणा आधी खुडा, मुळं धुवा, आणि अर्क झायलोग्लुकनशिवाय आयोडीनमध्ये टाकून पाहा. रंग आला तर तो अर्क बाद.

वाढ मोजायला काही लागत नाही. ओल्या कागदावर उभी ठेवलेली मुळं, त्यांवर ड्रॉइंगच्या काळ्या शाईचे मिलिमीटर-मिलिमीटरवर बारीक ठिपके, शेजारी पट्टी आणि फोन स्टँडवर बसवून दर तासाला एक फोटो. कुठले ठिपके एकमेकांपासून लांब गेले, तिथेच वाढ आहे. पुढच्या वेळी आरएनए आणि अर्क त्याच भागातून घ्या.

भित्तिकेचा सैलपणा थेट मोजायचा तर गोठवून वितळवलेला तुकडा वजनाखाली ताणत ठेवायचा आणि पीएच सातच्या आसपासचं बफर बदलून साडेचारचं द्यायचं. जिवंतपणा गेल्यामुळे पाण्याच्या दाबाचा प्रश्न उरत नाही. जे ताणलं जातं ते भित्तिकेतल्या प्रथिनांमुळे, आणि तुकडा आधी उकळला तर ते थांबतं. मुळाच्या टोकावर हे करायला हात बसावा लागतो, आठवड्याभरात जमणार नाही. अंधारात वाढवलेल्या ज्वारीचा दाणा आणि कोंब यांमधला पांढरा दांडा त्यासाठी बरा, त्यावर आधी सराव करा.

आणि प्रबंधात आत्ता काय लिहायचं? माझ्यापुरतं वाक्य असं होईल: 'पाण्याच्या ताणाखाली मालदांडी ज्वारीच्या मुळांत एक्सटीएच घराण्यातल्या काही जनुकांची अभिव्यक्ती वाढली. यावरून झायलोग्लुकनच्या पुनर्रचनेची शक्यता दिसते. ही पुनर्रचना भित्तिका सैल करते की बळकट, हे या माहितीवरून ठरवता येत नाही.' सरांना हे मिळमिळीत वाटेल. त्यांना मक्याचं १९९४ चं काम आणि कांद्याचे ते दोन परस्परविरुद्ध निकाल एकत्र दाखवा, आणि आयोडीनच्या नळ्यांसाठी महिनाभराची मुदत मागा. मुदत मिळाली तर चिंचोक्यांची पूड आजच भिजत घाला. आणि मिळाली नाही तरी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये उरलेली मुळं टाकून देऊ नका. टोकं वेगळी ओळखता येत असतील तर ती आत्ताच, गोठलेली असतानाच, कापून लेबल लावून ठेवा.